शून्य कुठून धरायचे?

आमच्या माजघरातला झोपाळा गेल्या मे महिन्यात उतरवावा लागला. आमच्याकडे येणारा माणूस आधी झोपाळ्यावर टेकतो आणि मग पाणी मागतो, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. एका दुपारी मी बसले आणि पुढचा उजवा कोपरा सूतभर खाली गेल्यासारखा वाटला. पुतण्याने स्टुलावर चढून पाहिले. वरून पाणी झिरपून झिरपून तुळईतली एक सळी गंजली होती आणि तिचे आटे झिजून गेले होते. "आत्या, आता कुणीच बसायचं नाही," असे म्हणून त्याने पाट काढून भिंतीला उभा केला.

या सळ्या माझ्या धाकट्या भावाने १९८६ साली स्वतःच्या लेथवर केलेल्या. वीतभर लांबी, दोन्ही टोकांना आटे. वरचे टोक तुळईतल्या पट्टीला वेल्ड केलेल्या नटात जाते, खालच्या टोकावर कडी बसते. त्या नटांवर वरच्या मजल्याच्या फळ्या आहेत, म्हणजे नट बदलायचा तर अर्धी जमीन उखडायला हवी. आणि सळी बाजारातून आणावी तर तिथे मिळाली सोळा एमएमची. तिचे आटे दोन मिलिमीटरला एक. आमचे काम जुन्या मापाचे, पाच सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच, आणि त्यावर इंचाला अकरा आटे. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर २.३ला एक. बाजारची सळी दोन फेरे जायची आणि अडायची.

मग भावाचा नातू म्हणाला, "आपण करूया की! आजोबांचा लेथ आहे, मला येतं." तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला आत्याआजी म्हणतो. लेथ मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली २०१८ पासून, म्हणजे भाऊ गेल्यापासून, उभा होता.

भावाबद्दल थोडे सांगायला हवे. वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला होते आणि तो नववीत. एकाचेच शिक्षण होईल एवढीच ऐपत होती. १९६८ साली तो शाळा सोडून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये झाडू मारायला लागला आणि मी कॉलेजात गेले. हे कुणी ठरवले, आईने की त्याने, ते मला आजही नीट सांगता येत नाही. विचारायला हवे होते, पण ज्याचा आपल्याला फायदा झाला त्याची चौकशी माणूस करत नाही. मराठी विषय घेऊन मी बी.ए. झाले, मग बी.एड., मग पस्तीस वर्षे हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. तो टर्नर झाला. किर्लोस्कर म्हटले की मला मासिक आठवायचे आणि त्याला लेथ, एवढे आमच्यात अंतर.

१९८४ साली त्याने पंजाबातल्या बटाल्याकडचा एक जुना लेथ घेतला आणि घरामागे शेड टाकली. पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: 'येथे सर्व प्रकारचे आठे पाडून मिळतील.' मी पूजेला गेले तेव्हा चार माणसांसमोर म्हटले, "अरे, आठे म्हणजे काय? आठाचा पाढा म्हणून दाखवणार आहेस का गिऱ्हाइकांना?" सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने पेंटरला पुन्हा पैसे देऊन 'ठ'चा 'ट' करून घेतला. हा किस्सा मी पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगितला आहे.

तर आता लेथ. मला जसे कळले तसे सांगते, जाणकारांनी सांभाळून घ्यावे. लेथमध्ये काम फिरते आणि हत्यार जागेवर असते. सळी चकमध्ये धरायची, ती गरगर फिरते, आणि टूल तिच्या अंगाला लावायचे. आटे पाडताना टूल एका लांब स्क्रूच्या जोरावर सळीच्या बाजूने ठरावीक वेगाने सरकते. सळी एक फेरा फिरली की टूल एक आटा पुढे. एका फेरीत सगळी खोली कापता येत नाही. प्रत्येक वेळी टूल थोडे थोडे आत घालून त्याच खाचेतून दहा-पंधरा वेळा फिरवावे लागते.

हे आत घालणे कसे, यातच सगळी गोम आहे. टूलचे टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखे असते. ते सरळ आत दाबले तर दोन्ही धारा एकदम कापतात, दोन्हीकडचा कीस मधे येऊन एकमेकाला अडवतो, टूल थरथरते आणि आटे ओरबाडल्यासारखे होतात. म्हणून टर्नर काय करतात, तर आडव्या स्लाइडच्या डोक्यावर आणखी एक छोटी स्लाइड असते, कंपाउंड स्लाइड, ती तिरकी करतात आणि टूल तिच्यावरून तिरके आत घालतात. म्हणजे व्हीची एकच बाजू कापते, कीस मोकळा बाहेर पडतो. टूल स्वतः मात्र सळीशी काटकोनातच हवे, स्लाइड तिरकी केली म्हणून ते तिरके राहता कामा नये. त्यासाठी माशाच्या शेपटीसारखा एक छोटा गेज असतो, त्याच्या खाचेत टूलचे टोक बसवून पाहायचे.

स्लाइड किती तिरकी? आट्याच्या कोनाच्या निम्मी, आणि त्याहूनही अर्धा अंश कमी. आपले पाच सुती आटे व्हिटवर्थ पद्धतीचे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा करून मापले आणि १८४१ साली पंचावन्न अंशांचा आटा सुचवला. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली साठ अंश सुचवले, आणि आजचे मिलिमीटरचे आटेही साठाचेच. तर पंचावन्नाचे निम्मे साडेसत्तावीस, त्यातून अर्धा वजा, सत्तावीस. तो अर्धा अंश कशाला सोडायचा, तर मागची धारही प्रत्येक फेरीत किंचित घासून जावी आणि ती बाजू साफ राहावी म्हणून. निम्म्याहून जास्त तिरके केले तर त्या बाजूला पायऱ्या राहतात.

भावाची एक वही होती. दोनशे पानी, रेघांची, तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेली. नातवाने ती शेडमधल्या फळीवरून काढली आणि पाच सुतीचे पान शोधले. तिथे लिहिले होते: 'पाच सूत. ११ आटे. ५५ अंश. खोली ५८ थाउ. तिरकी स्लाइड ६३ वर ठेवणे. ६५ थाउ आत.' थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

नातू थबकला. "आत्याआजी, आजोबांनी चुकीचं लिहिलंय बघ. त्रेसष्ट असूच शकत नाही. सत्तावीस पाहिजे."

मी चष्मा लावून पाहिले. ६३ स्पष्ट होते, दोनदा गिरवलेले. पण मी म्हणाले काय? "तो घाईत लिहायचा रे. आट्याला आयुष्यभर आठा लिहिलं त्यानं. तू तुझ्या हिशोबानं कर."

त्याने स्लाइडच्या खालच्या चकतीवर सत्तावीसचा आकडा रेघेला जुळवला आणि नट आवळले. भावाच्या डब्यातले पंचावन्नाचे टूल गेजला लावून सरळ बसवले. सळीवर तेल सोडले. मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. फेरी झाली की टूल मागे घ्यायचे, मोटर उलटी फिरवून सुरुवातीला यायचे, आडवी स्लाइड पुन्हा शून्यावर, तिरकी स्लाइड चार-पाच थाउ पुढे, की परत. बरोबर पासष्ट थाउ झाल्यावर त्याने लेथ बंद केला.

आटे विचित्र दिसत होते. करवतीच्या दातांसारखे एका अंगाला कललेले. एक बाजू गुळगुळीत, दुसरी बाजू उतरती आणि तिच्यावर बारीक बारीक पायऱ्या. खोली मापली तर जेमतेम तीस थाउ, आणि माथे मात्र खाऊन खाऊन पातळ झालेले. जुना नट लावून पाहिला, तो तोंडाशीच अडला. नातवाचा चेहरा उतरला. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीने धस्स झाले. हे आटे थोडे बरे निघाले असते आणि नट कसाबसा चढला असता, तर आम्ही ती सळी तुळईत बसवली असती आणि तिच्यावर घरातली पोरे झोके घेत बसली असती.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी वही घेऊन बसले. पेपर तपासायची सवय, म्हणून पहिल्या पानापासून. दुपारी आम्ही पहिले पान उलटून पुढे गेलो होतो, कारण वर 'श्री' आणि खाली पत्ता, एवढेच असेल असे वाटले. पत्त्याच्या खाली चौकट करून लिहिले होते:

'आपल्या मशीनवर शून्य बेडच्या सोबत आहे. पुस्तकातला कोन नव्वदमधून वजा करून ठेवणे. ध्यानात ठेवणे.'

नव्वद वजा सत्तावीस, त्रेसष्ट.

सकाळी नातवाला दाखवले, तसा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "शून्य कुठंय ते बघितलंच नाही मी!" त्याने समजावून सांगितले ते असे. कंपाउंड स्लाइडच्या चकतीवर अंश कोरलेले असतात, पण शून्य कुठे धरायचे हे सगळ्या लेथांवर सारखे नसते. त्याच्या कॉलेजातल्या लेथवर स्लाइड आडव्या स्लाइडच्या रेषेत असली, म्हणजे सळीला काटकोनात, की शून्य. आजोबांच्या लेथवर स्लाइड बेडच्या रेषेत, म्हणजे सळीला समांतर असली की शून्य. पुस्तकातले सत्तावीस काटकोनातल्या रेघेपासून मोजलेले. त्याने सत्तावीस ठेवले ते बेडपासून, म्हणजे खरे तर स्लाइड त्रेसष्ट अंशांनी कलली. टूल आत जायच्या ऐवजी बहुतेक सगळे बाजूलाच सरकत गेले. आकडा बरोबर, मोजणीही बरोबर, फक्त मोजायला सुरुवात कुठून केली ते चुकले.

पस्तीस वर्षे मी मुलांना सांगत आले, आधी सूचना वाचा आणि मग पेपर लिहा. आणि ज्याच्या वहीची सूचना मी वाचली नाही, त्याला घाईत लिहिणारा ठरवून मोकळी झाले.

आणखी एक गोष्ट त्या रात्री दिसली. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर 'आठे' आहे. मग १९८४ सालचा एक हिशोब आहे, त्यात 'पेंटर, पाटी दुरुस्ती' अशी नोंद. त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत, चौतीस वर्षांत, एकदाही 'आठे' नाही. सगळीकडे 'आटे'. आयुष्यभर चुकीचे लिहिले असे मी नातवाला ठासून सांगितले होते. त्याने ती चूक माझ्या एका वाक्यात कायमची सोडली होती. सोडली नव्हती ती मी, कारण माझा किस्सा तिच्यावर चालत होता.

आता जे लिहायचे ते लिहावे की नाही, असा दोन दिवस विचार करत होते. लिहितेच.

मधे कधीतरी तो माझ्या सासरच्या घरी आला होता. मी दहावीचे पेपर तपासत होते, पुढ्यात गठ्ठे. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "ताई, एक विचारू का गं? आट्याची खोली अठ्ठावन्न पाहिजे, पण तिरकी स्लाइड पासष्ट फिरवली तरच अठ्ठावन्न होते. माणसं सांगतात म्हणून फिरवतो. पण हे असं का, ते कळत नाही." मला त्यातले काही कळले नाही. शाळेत मी गणित कसेबसे पार केलेले. मला येत नाही, असे म्हणायला हवे होते. मी म्हणाले, "अरे, केवढे पेपर पडलेत बघ. आणि हे तुझ्या कामातलं, मला काय विचारतोस?" तो "बरं" म्हणाला, थोडा वेळ बसला आणि गेला.

वहीत पाच सुतीच्या पानामागे एक आलेखाचा कागद चिकटवलेला आहे. १९९१ सालची तारीख. त्यावर पेन्सिलीने काढलेला एक मोठा त्रिकोण. एका थाउला एक मिलिमीटर असे धरून अठ्ठावन्न मिलिमीटरची उभी रेघ. तिच्याशी सत्तावीस अंशांचा कोन करून दुसरी तिरकी रेघ, बहुधा मुलाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने काढलेली. दोन्ही रेघा जिथे संपतात तिथे त्यांना जोडणारी आडवी रेघ. तिरक्या रेघेवर लिहिले आहे '६५'. मी फूटपट्टी लावून मापली. बरोबर पासष्ट भरली. त्रिकोणाच्या खाली, बारीक अक्षरात:

'ताईला विचारले. तिला वेळ नव्हता. मापून काढले.'

त्यात तक्रार नाही. हिशोबाच्या वहीत जसे 'पेंटर, पाटी दुरुस्ती' लिहावे तसे लिहिले आहे, म्हणून तर ते जास्त लागले. नातवाने फोनवर अठ्ठावन्नला सत्तावीसच्या कोसाइनने भागून दाखवले, पासष्टच्या किंचित वर आले. जे नातवाला अभ्यासक्रमात आयते मिळाले, ते नववीत शाळा सुटलेल्या माणसाने पेन्सिल आणि पट्टीने स्वतः शोधले होते. आणि घरातली शिकलेली म्हणून ज्या बहिणीकडे तो विचारायला गेला होता, तिने त्याचा प्रश्नसुद्धा नीट ऐकून घेतला नव्हता.

कोन सांगायला दोन रेघा लागतात. एक ज्याचा कोन मोजायचा ती, आणि दुसरी जिथून मोजायचा ती. भूमितीच्या पहिल्या धड्यातली गोष्ट. मी माणसे मोजताना दुसरी रेघ नेहमी शुद्धलेखनाची धरली. तिच्यापासून मोजला तर माझा भाऊ फारच कललेला दिसायचा. त्याचे शून्य वेगळ्या जागी कोरलेले असेल, असे माझ्या मनातही आले नाही.

दुसरी सळी नातवाने त्याच दिवशी केली. चकती त्रेसष्टवर. टूल पुन्हा गेजला लावून सरळ केले, कारण स्लाइड फिरवली की टूलही फिरते. या वेळी कीस एका बाजूने, कुरळ्या केसांच्या बटेसारखा सुटत होता. पासष्ट थाउला थांबून खोली मापली, अठ्ठावन्न. कानसीने माथे जरा गोल केले. जुना नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला, कुठे अडला नाही आणि खुळखुळलाही नाही. मग त्याने दुसऱ्या टोकाचे आटे पाडले. आता एकीवर विश्वास कशाला, म्हणून पुढच्या चार दिवसांत बाकीच्या तीनही सळ्या नव्या केल्या. पुतण्याने आधी सिमेंटची दोन पोती झोपाळ्यावर रात्रभर ठेवली, तेव्हा कुठे आम्हाला बसू दिले.

बिघडलेली सळी मी माझ्या टेबलावर ठेवली आहे. कागद उडू नयेत म्हणून चांगली उपयोगी पडते.

नातवाने वहीच्या पहिल्या पानावर, आजोबांच्या चौकटीखाली, स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे: 'कुठल्याही नविन मशीनवर आधी शून्य कुठे आहे ते बघणे.' 'नविन'मधला 'वि' ऱ्हस्व आहे. पेन हातात होते. मी वही मिटून फळीवर ठेवली.

असो. झोपाळा सुरू झाला आहे. कोल्हापूरला येणाऱ्यांनी बसून पाहावे. आणि तो पाटीचा किस्सा मी यापुढे सांगणार नाही, तेव्हा कुणी आग्रह करू नये.